हे माझ्यापर्यंत का आलं?

सांगलीत हळदीबद्दल कुणी कुणाला शिकवायला जात नाही. मार्केट यार्डात ज्यांची हयात गेली ती माणसं हळकुंड उचलतात, मोडतात, आतला रंग बघतात, वास घेतात आणि दर बोलतात. माझे सासरे एका अडतीत दिवाणजी होते. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद कशी उतरवायची, पेवाचं तोंड कसं लिंपायचं, पेव उघडल्यावर लगेच आत का उतरायचं नाही, हे सगळं ते जेवता जेवता सांगायचे. आत प्राणवायू नसतो. उघडून काही वेळ जाऊ दिला नाही तर उतरणाऱ्याच्या जिवावर बेततं. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवं गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ती बातमी त्यांनी घरातल्या प्रत्येकाला स्वतः वाचून दाखवली होती.

अशा घरात माझ्या फोनवर हळदीच्या गोळ्यांची जाहिरात येऊ लागली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे पुस्तकांचं कपाट, आणि समोर बसलेले गृहस्थ शांत आवाजात सांगताहेत की रोज दोन गोळ्या घेतल्या तर तीन महिन्यांत साखर मुळापासून जाते, औषधं सोडता येतात, आणि हे तुमचे डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत. खाली एक घड्याळ उलटं पळत होतं: निम्मी किंमत, फक्त आज रात्री बारापर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ, तीच रात्र, तीच निम्मी किंमत.

ही जाहिरात खोटी आहे हे ओळखायला मला काही विशेष विद्या लागली नाही. ज्याचे गुण सांगितले जातात ते कर्क्युमिन नावाचं द्रव्य सुक्या हळदीत साधारण दोन ते पाच टक्के असतं आणि ते पोटातून रक्तात फारच कमी उतरतं, हे आता पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे. २०१७ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला होता. शंभराहून अधिक चाचण्या होऊनही, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही काय दिलंय ते न सांगता घेतलेल्या काटेकोर चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, असं त्यांनी त्यात नोंदवलं. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्याकडे १९५४ पासून कायद्यानेच मना आहे. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा तो कायदा. त्याच्या परिशिष्टात मधुमेहाचं नाव सरळ लिहिलेलं आहे.

त्या जाहिरातीत आणखी एक गोष्ट होती, ती मला जास्त लागली. मध्येच तिरंगा फडकत होता आणि निवेदक म्हणत होता की आपल्या हळदीपुढे अमेरिकासुद्धा झुकली. हळदीच्या पेटंटची गोष्ट मला ठाऊक आहे आणि ती मला फार प्रिय आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेने १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं. जुने ग्रंथ काढले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा निबंध पुढे ठेवला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. म्हणजे कागदावर कागद ठेवून, दाखला दाखवून मिळालेला तो विजय. हळदीमुळे साखर जाते की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण अभिमान जागा झाला की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, हे जाहिरात करणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

मला मात्र वेगळाच प्रश्न सतावत राहिला. ती खोटी आहे हे ठीक. ती माझ्याकडेच का आली?

जाहिरातीच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. त्यावर बोट ठेवलं की ‘ही जाहिरात मला का दिसते’ असा पर्याय येतो. पुष्कळांनी तो कधी उघडलेलाच नसतो. मी उघडला. माझं वय, बाई असणं, महाराष्ट्रात राहणं आणि आरोग्याच्या विषयांत असलेला रस, एवढी कारणं तिथे होती. त्याच सुमारास मी सासूबाईंच्या एचबीएवनसीच्या, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या, रिपोर्टबद्दल फोनवर बरंच शोधत होते. त्याचा उल्लेख तिथे नव्हता.

आपण फोनवर पान उघडतो, ते पुरतं दिसायच्या आत त्या पानावरच्या मोकळ्या जागेचा लिलाव होतो. डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याहून कमी वेळात. बोली लावणाऱ्यांना जागेशी घेणंदेणं नसतं. त्या जागेकडे बघणारा माणूस कोण आहे, याचा दर ठरतो. फेसबुकच्या लिलावात तर जास्त पैसे बोलणारा जिंकतोच असं नाही. हा माणूस या जाहिरातीवर बोट ठेवण्याची शक्यता किती, याचा यंत्राने केलेला अंदाज बोलीच्या रकमेशी गुणला जातो आणि जाहिरातीच्या दर्जाचे गुण त्यात मिळवले जातात. याचा अर्थ असा, की ती हळदीची जाहिरात माझ्यासमोर आली तेव्हा कुठल्यातरी यंत्राने हिशोब केला होता की ही बाई काळजीत आहे, ही दाबेल.

यार्डातला सौदा मी पाहिलेला आहे. शेतकरी आपल्या ढिगाशेजारी उभा असतो. दर त्याच्या कानांवर पडतो, पटला नाही तर तो माल परत नेऊ शकतो, आणि संध्याकाळी त्याच्या हातात पट्टी पडते: वजन किती, दर किती, हमाली किती, अडत किती. इथे ढीग माझा, माझ्या लक्षाचा, माझ्या घरातल्या आजारपणाचा. सौदा माझ्या नकळत झाला आणि पट्टी कुणीही दिली नाही.

हा धंदा केवढा आहे याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा सांगते. २०२३ साली फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीचं उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होतं आणि त्यातले जवळजवळ ९८ टक्के जाहिरातींतून आलेले होते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम आपल्याला फुकट मिळतात ते यातून.

ही काही आजची युक्ती नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, ते वाचकांच्या वर्गणीच्या भरवशावर. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या मुद्रकाने ‘सन’ नावाचं वर्तमानपत्र काढलं आणि ते एका सेंटला विकलं. बाकीची पत्रं तिथे सहा सेंटला होती. एका सेंटमध्ये पत्र काढण्याचा खर्च निघत नव्हता. त्याचा हिशोब वेगळा होता: वाचक गोळा करायचे आणि ते जाहिरातदाराला विकायचे. आता वाचक गोळा करायचे म्हणजे त्यांना रोज काहीतरी थक्क करणारं हवं. १८३५ साली त्याच पत्राने सहा भागांत छापलं की जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाला मोठ्या दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली. सगळं बनावट. खप मात्र वाढला. हर्शेल तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होते. त्यांना हे फार उशिरा कळलं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, माणसं किती भोळी होती. आता तसं वाटत नाही. त्या वाचकांकडे चंद्राकडे बघायला दुर्बीण नव्हती आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. आपल्याकडे दोन्ही आहे.

गोळ्यांच्या जाहिरातीबद्दल मी तक्रार केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तो घराघरात लिहून ठेवावा असा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरातीत चेहरा देणाऱ्याला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. ते उलटं पळणारं खोटं घड्याळसुद्धा नियमांत पकडलेलं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या तेरा प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई लावणं हा त्यातला अगदी पहिला प्रकार. पण त्याच कायद्यात जाहिरात छापणाऱ्यासाठी एक पळवाट आहे: नेहमीच्या व्यवहाराचा भाग म्हणून ती प्रसिद्ध केली असेल तर त्याला दंड नाही. ज्याचा संपूर्ण व्यवहारच जाहिराती दाखवणं हा आहे, त्याला यापेक्षा मोकळं रान कुठलं? माझ्या तक्रारीनंतर ती जाहिरात दिसेनाशी झाली आणि काही दिवसांनी दुसऱ्या नावाने, दुसऱ्या कोटात परत आली. ज्यांनी पैसे घेतले त्यांना पैसे कुणी दिले हे ठाऊक असतं. दाखवण्याआधी तपासणं त्यांना अशक्य आहे, हे मला पटत नाही. पंचाहत्तरीच्या बाईने चष्मा लावून खरं-खोटं करत बसावं, अशी अपेक्षा मात्र सगळे बिनदिक्कत करतात.

शिवाय एक गोष्ट वाईट आहे. तेच तेच कानांवर पडत राहिलं की ते खरं वाटायला लागतं. १९७७ साली अमेरिकेत तीन मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखवलं. पुढे पुष्कळांनी ते पडताळून पाहिलं. सासूबाई पहिल्यांदा त्या गोळ्यांना हसल्या होत्या. महिन्याभराने त्या म्हणाल्या, “अगं, काहीतरी असेल म्हणून तर एवढं दाखवतात ना?” त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवात जे सगळीकडे ऐकू येतं ते खरं असण्याची शक्यता जास्तच होती. गावात दहा जणांनी सांगितलं तर ती दहा निरनिराळी माणसं असायची. इथे दहा वेळा सांगणारा एकच असतो.

जाहिरातीपुरतंच हे असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण जाहिरात दाखवायला माणूस पडद्यापाशी थांबायला हवा आणि थांबवण्यासाठी त्याच्यासमोर काय ठेवायचं हेही तेच यंत्र ठरवतं. फेसबुकने २०१७ मध्ये एक नियम लावला होता, तो २०२१ साली कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आल्यावर जगाला कळला. साध्या ‘लाइक’ला एक गुण असेल तर रागाच्या, हसण्याच्या, प्रेमाच्या चेहऱ्याला पाच गुण. ज्यावर माणसं रागावतात ते जास्त लोकांपुढे जाणार, हा त्याचा परिणाम. रागावलेल्या चेहऱ्यांच्या मजकुरात खोटं आणि विखारी जास्त असतं, हे कंपनीच्या लोकांनीच पुढे दाखवून दिलं आणि २०२० मध्ये रागाचे गुण शून्यावर आणले. मधल्या तीन वर्षांत आपल्या घराघरांत, भावाभावांत जी भांडणं झाली त्यातली किती त्या पाच गुणांची होती, हा हिशोब आता कुणालाच मांडता येणार नाही. आमच्याही नात्यात दोन चुलतभावांचं बोलणं त्याच काळात तुटलं. एकमेकांच्या शेताला शेत लागून आहे.

सगळा दोष यंत्रावर टाकायलाही माझं मन धजत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास आला. ट्विटरवर अकरा वर्षांत पसरलेल्या सव्वा लाखाच्या आसपास कथा त्यांनी तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि पंधराशे लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. आणि हे करणारी बहुतांशी हाडामांसाची माणसं होती. यंत्रवत चालणारी खाती बाजूला काढली तरी चित्र तेच राहिलं. खोट्यात नवल असतं. खऱ्यात बहुतेक वेळा तेच जुनं असतं.

याच वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. घरं त्यांतल्या बहुतेकांची मंगळवेढा तालुक्यात. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या जतच्या शिवेला मंगळवेढा लागून आहे. त्यांची भाषा, त्यांचे देव, त्यांची वेशभूषा आपल्याला परकी नाही. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे निरोप आधीपासून फोनवर फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं.

त्या उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती. दोघे मोटरसायकलवरून येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात. पाहिलं की आईचा जीव गळ्याशी येतो. ही चित्रफीत कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने पालकांनी सावध राहावं म्हणून बनवलेली ती जाहिरात होती. मूळ चित्रफितीत मोटरसायकल परत फिरते, मूल सुखरूप खाली ठेवलं जातं आणि तो माणूस फलक दाखवतो. कुणीतरी शेवटचे ते काही क्षण कापले. राहिलेल्या भागातलं एकही दृश्य बदललेलं नव्हतं.

हे मला विसरता येत नाही. आपण पोरांना सांगतो की डोळ्यांनी दिसेल तेच खरं मान. इथे डोळ्यांनी दिसलेलं सगळं जसंच्या तसं होतं. फक्त कुठलं, कधीचं, कुणी आणि कशासाठी केलेलं, एवढंच त्याच्यापासून तोडलेलं होतं.

आणि इथे लिलाव नव्हता, रागाचे पाच गुण नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपवर तो निरोप कुणा कंपनीने पुढे ढकलला नाही. तो मावशीने भाचीला, मामाने भाच्याला, शिक्षकाने पालकांच्या गटावर पाठवला. काळजीपोटी पाठवला. “आपल्या माणसानं पाठवलंय म्हणजे उगीच पाठवलं असंल व्हय?” असं मला एका शेजारणीने विचारलं होतं आणि तिचा प्रश्न बिनतोड होता. पाठवणारा खरा होता. त्याला कुणी पाठवलं, त्याच्या आधी कुणी, हे त्यालाही माहीत नव्हतं. आपण विश्वास माणसावर ठेवतो आणि तो नकळत निरोपाला चिकटतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी. त्याने वेग कमी झाला असणार. पण सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून काठ्यांनी, पट्ट्यांनी मारहाण झाली. ते विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. ते जिवंत राहिले आणि त्यांनी तक्रारही केली नाही. पंढरीच्या वाटेवर माणसाने रस्ता विचारला म्हणून त्याला मार खावा लागला, आणि तोही आपल्या मुलखात. ही बातमी वाचल्यावर त्या दिवशी माझं कशातच मन लागलं नव्हतं.

आणि तरीही सांगलीच्या माणसाला निरोप तपासता येत नाही असं म्हणायला मी तयार नाही. कारण महापुराचा ऑगस्ट २०१९ मी इथेच काढला आहे.

विश्रामबागेत आमच्याकडे गावभागातली नात्यातली तीन कुटुंबं राहायला आली होती. फोनची बॅटरी जपून वापरायची, आणि तरी दर पाच मिनिटांनी कुणाच्या तरी फोनवर धरणांबद्दल नाही नाही ते येत होतं. चुलत सासरे सगळं ऐकून घ्यायचे आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, एवढं एकच विचारायचे, “आयर्विनला किती?” कुणी म्हणायचं पंचावन्न. “कवाचं? सकाळचं का आत्ताचं?” कुणी म्हणायचं कोयनेतून अमुक इतकं सोडलं. “सोडलं का सोडणार हैत? किती क्युसेक? कुणी सांगितलं, पाटबंधारेनं का तुझ्या मित्रानं?” चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. १९२९ साली बांधलेल्या त्या पुलापाशी मोजलेला आकडा, त्याची वेळ आणि मोजणारा, या तीन गोष्टी मिळाल्याशिवाय त्यांनी कुठल्याही निरोपावर पाऊल उचललं नाही. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. सामान माडीवर न्यायचं की घर सोडायचं, गुरं कधी हलवायची, हे सगळे निर्णय त्यांनी त्या आकड्यांवर घेतले आणि ते बरोबर ठरले.

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण पाण्याच्या बाबतीत चुकीची किंमत कोण भरतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि २००५ त्यांनी पाहिलेलं होतं. हळदीच्या गोळ्या किंवा कुणा जातीबद्दलचा, धर्माबद्दलचा निरोप आला की तीच माणसं हे प्रश्न विचारत नाहीत, कारण तिथे चुकीची किंमत बहुतेक वेळा दुसरा कुणीतरी भरतो. राईनपाड्याची किंमत निरोप पाठवणाऱ्यांनी भरली नाही.

त्याच पुरात आणखी एक गोष्ट घडली. घराच्या कौलांवर बसलेल्या मगरीची चित्रफीत आली. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, खोटं आहे, संगणकावर केलंय. एव्हाना सगळे इतके फसलेले होते की काहीही वेगळं दिसलं की खोटं म्हणणं सोपं झालं होतं. ती चित्रफीत खरी होती. बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात पुराच्या पाण्याबरोबर मगर छपरावर चढली होती. कृष्णेत मगरी आहेत हे आम्हाला लहानपणापासून माहीत, पूर डोळ्यांसमोर, आणि तरी विश्वास बसला नाही. सगळ्यावर विश्वास ठेवणारा आणि कशावरच न ठेवणारा, दोघांनीही तपासायचे कष्ट वाचवलेले असतात. कशावरच विश्वास न ठेवणाऱ्याला मात्र आपण हुशार आहोत असं वाटतं, आणि तो जास्त धोक्याचा आहे. कारण ज्याला लोकांना फसवायचंय त्याचं काम लोकांनी खोट्यावर विश्वास ठेवला नाही तरी होतं. त्यांनी खऱ्यावरचा विश्वास सोडला की पुरे.

कष्ट तसे फारसे नसतातही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, हुशार विद्यार्थी आणि बातम्या तपासणारे व्यावसायिक अशा तीन गटांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी ते पान मन लावून वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि चांगल्या मांडणीला, भारदस्त नावाला फसले. बातम्या तपासणारे काही क्षणांत ते पान सोडून बाहेर पडले आणि या पानाबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघायला लागले. मन लावून वाचणं हा गुण आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आणि तो आहेच. पण जे पानच कुणीतरी आपल्याला अडकवण्यासाठी विणलंय, त्यात शिरून ते ओळखता येत नाही. मी हे माझ्या भाच्याला दाखवलं. तो अकरावीत आहे, रीळं बघण्यात पटाईत. एका रमीच्या जाहिरातीत ‘आपल्या इस्लामपूरचा’ म्हणून एक पोरगा लाखो रुपये जिंकल्याचं सांगत होता. भाच्याने त्या पोराचा फोटो शोधायला टाकला तर तोच चेहरा वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या गावांचा होऊन जिंकत होता. पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. त्याआधी खेड्यापाड्यांतल्या किती पोरांनी उसाच्या बिलाचे पैसे त्यात घातले, ते त्यांच्या आयांना विचारावं.

मग भाच्याने मला विचारलं, “मामी, समजा लोकांनी असल्या जाहिराती दाबायच्याच सोडल्या, तर खऱ्या बातमीला पैसे कोण देणार?” प्रश्न खरा आहे. लवंग्याची बातमी आपल्याला कळली कारण कुणीतरी जतपर्यंत गेलं, गावकऱ्यांशी बोललं, पोलिसांना विचारलं, साधूंची ओळखपत्रं खरी असल्याची खात्री करून घेतली. त्या माणसाचं पेट्रोल आणि पगार ज्या जाहिरातींवर चालायचा त्या आता फोनमध्ये गेल्या आहेत. तालुक्याच्या बातमीदाराला कित्येकदा बातमीबरोबर जाहिरातही आणून द्यावी लागते. मग ज्याची जाहिरात त्याच्याविरुद्ध तो काय लिहिणार? मी त्याला माझं अर्धंच उत्तर सांगितलं. आमच्या घरी वर्तमानपत्र बंद करायचा विचार चालला होता, बातम्या फोनवर येतातच म्हणून. ते मी चालू ठेवायला लावलं, आणि एका मराठी संकेतस्थळाची वर्षाची वर्गणीही भरली, तेही बातमी तपासून देतात म्हणून. यांना तो खर्च वाटला. मी म्हटलं, मोजणाऱ्याला पैसे आपण दिले नाहीत तर ते दुसरं कुणीतरी देईल, आणि मग आकडाही त्याच्याच सोयीचा येईल. हे त्यांना पटलं. भाच्याला अजून पुरतं पटलेलं नाही. तो म्हणतो, जे वर्गणी भरू शकत नाहीत त्यांनी मग काय खोटंच वाचायचं का? त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि तो विचारायचं सोडत नाही याचा मला आनंद आहे.